छोट्या खोलीतला रेकॉर्डिंग स्टुडिओ: आधी जागा, मग जाडी, फोम सगळ्यात शेवटी

फोम विकत घेण्याआधी मोजपट्टी हातात घ्या. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरपर्यंत लिहून काढा, कारण बासचं (खालच्या, जाड सुरांचं) काय होणार हे बरंचसं या तीन आकड्यांतच ठरलेलं असतं. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक कंप्रतेची (फ्रीक्वेन्सीची) लहर अडकून बसते. त्याला रूम मोड म्हणतात. ही कंप्रता काढणं सोपं आहे. हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीनं भागायचं. ४.२ × ३.२ × २.८ मीटरची खोली घेतली तर लांबीचा मोड येतो ४१ हर्ट्‌झवर, रुंदीचा ५४ वर, उंचीचा ६१ वर. त्यांच्या दुप्पट-तिप्पट कंप्रतांवरही मोड असतात.

या खोलीत तिन्ही आकडे वेगळे पडले, म्हणून निभावता येईल. ३ × ३ × ३ मीटरच्या खोलीत तिन्ही मोड ५७ हर्ट्‌झवरच येऊन आदळतात. तिथे बास गिटारचा एखादा सूर भिंत हलवतो आणि शेजारचा सूर गायब होतो. खोली निवडायची मुभा असेल तर ठोकळ्यासारखी खोली टाळा, लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट असलेली टाळा, आणि बाकी सगळं सारखं असेल तर मोठी खोली घ्या.

आवाज अडवणं हे वेगळं काम

भिंतीवर चिकटवलेला फोम शेजाऱ्यापर्यंत जाणारा आवाज अडवत नाही. आवाज अडवतं ते वजन आणि हवाबंदपणा. फोममध्ये दोन्ही नाहीत, अंड्यांच्या ट्रेमध्ये तर त्याहून नाहीत. (ट्रे आवाज नीट शोषतही नाहीत. शिवाय पेटतात.)

अडवण्याच्या कामात सुरुवात दारापासून करा. भिंत कितीही जाड असली तरी तिच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का फट राहिली, तर एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. पोकळ दार काढून भरीव दार लावा, चौकटीला तिन्ही बाजूंनी रबरी सील, दार बंद झालं की खालच्या फटीवर उतरणारं ड्रॉप सील, आणि वायरींसाठी पाडलेली भोकं सीलंटनं बुजवा. खिडकीला आतून दुसरी काच लावायची असेल तर ती पहिलीपेक्षा वेगळ्या जाडीची घ्या आणि मध्ये किमान १० सेंमी अंतर ठेवा. दोन्ही काचा सारख्या जाडीच्या असतील तर दोन्ही एकाच कंप्रतेवर कमकुवत ठरतात.

एवढ्यावर भागलं नाही, तर खोलीच्या आत भिंतींपासून सुटी अशी दुसरी खोली बांधणं हाच पुढचा मार्ग आहे. त्यात मजल्यावर पडणारा भार, ताजी हवा येण्याची वाट, आणि दोन्ही बाजूंनी कमी होणारी जागा हे तीन प्रश्न येतात. भाराबद्दल स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात घालू नका. घरी गाणं, गिटार, पॉडकास्ट करणाऱ्या बहुतेकांना याची गरज पडत नाही. ड्रम वाजवणाऱ्याला मात्र दुसरा इलाज नाही.

बसायची जागा

आवाज शोषणारं एकही पॅनल न लावता नुसत्या मांडणीनं खूप फरक पडतो आणि त्याला खर्च नाही, म्हणून हे काम घाई न करता करा.

मॉनिटर स्पीकर (रेकॉर्डिंग तपासून ऐकायचे स्पीकर) आखूड भिंतीला लावा, म्हणजे ते खोलीच्या लांबीच्या दिशेनं वाजतील. कानाची जागा समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर धरा. ४.२ मीटरच्या खोलीत ती १.६ मीटरवर येते. हा आकडा म्हणजे कायदा नाही. तिथून सुरुवात करून २०-३० सेंमी पुढेमागे सरकून बघायचं असतं. टाळायची ती बरोबर मधली जागा. २.१ मीटरवर बसलात तर ४१ हर्ट्‌झ जवळजवळ ऐकूच येणार नाही, मग मिक्समध्ये बास वाढवत बसाल आणि गाडीत वाजवल्यावर सगळं दणदणेल. रुंदीच्या बाबतीत मात्र मधोमधच बसायचं. डावी आणि उजवी भिंत सारख्या अंतरावर नसेल तर स्टिरिओचं चित्र एका बाजूला झुकतं.

स्पीकर भिंतीपासून किती दूर? इथे बहुतेक लोक चुकतात. स्पीकरमागच्या भिंतीवर आपटून परतलेला आवाज थेट आवाजाशी भांडतो आणि एका कंप्रतेवर खड्डा पाडतो. ३४३ ला स्पीकरच्या पुढच्या तोंडापासून भिंतीपर्यंतच्या अंतराच्या चौपटीनं भागा. तोंड १ मीटरवर असेल तर खड्डा ८६ हर्ट्‌झला, म्हणजे किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आणि बासच्या ऐन जागी, जिथे साधं पॅनल काहीच करू शकत नाही. तोंड ३५ सेंमीवर आणलंत तर खड्डा २४५ हर्ट्‌झवर सरकतो आणि तिथे मागे लावलेलं जाड पॅनल त्याला आवरतं. म्हणून छोट्या खोलीत स्पीकर भिंतीजवळच ठेवा. स्पीकरच्या मागे पोर्ट (हवेचं भोक) असेल तर हवा खेळायला दहाएक सेंमी सोडा. भिंतीजवळ बास फुगतो, पण तो स्पीकरच्या मागच्या लो-फ्रीक्वेन्सी स्विचनं कमी करता येतो. फुगवटा खाली आणता येतो, खड्डा ईक्यूनं (ठरावीक कंप्रता कमी-जास्त करण्याच्या सोयीनं) भरता येत नाही, कारण जितकं ढकलाल तितकंच परतून येणारंही वाढतं.

आता मापं जुळवू. स्पीकरचं तोंड भिंतीपासून ४० सेंमी, कान १.६ मीटरवर. दोन स्पीकर आणि डोकं मिळून समभुज त्रिकोण व्हायला हवा, तर स्पीकरमधलं अंतर सुमारे १.४ मीटर येतं आणि प्रत्येक स्पीकर बाजूच्या भिंतीपासून ९० सेंमीवर राहतो. ट्वीटर (स्पीकरमधला वरच्या सुरांचा छोटा भाग) बसलेल्या कानाच्या उंचीवर, साधारण १.२ मीटर. भिंत ४०, बाजू ९०, जमीन १२० सेंमी, असे तीन वेगळे आकडे मिळाले हे चांगलं झालं. ते सारखे आले असते तर तिन्ही खड्डे एकावर एक पडले असते.

स्पीकर शक्यतो स्टँडवर, टेबलाच्या मागे ठेवा. मोठं, सपाट टेबल आवाज परतवतं, त्यामुळे ते अरुंद घेतलेलं बरं.

पॅनल तयार करणं

सच्छिद्र शोषकाचा नियम असा: लहर जितकी लांब, तितकी जाडी हवी. १०० हर्ट्‌झची लहर ३.४ मीटर लांब असते. २५ मिमी फोम तिला दिसतसुद्धा नाही, तो फक्त वरचा भाग खातो. सगळ्या भिंती पातळ फोमनं मढवलेली खोली म्हणूनच कोंदट वाटते. चमक मेलेली, घुमणं तसंच.

घ्यायचं ते रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर), घनमीटरला ४८ ते ६० किलो घनतेचं, ६०० × १२०० मिमीच्या ५० मिमी जाड स्लॅबमध्ये. एका पॅनलला दोन स्लॅब. लागणारं सामान:

– १८ मिमी जाड, १५० मिमी रुंद लाकडी किंवा प्लायच्या पट्ट्या: १२३१ मिमीच्या दोन, ५९५ मिमीच्या दोन
– कोपऱ्यांत लावायला स्क्रू आणि लाकडाचा गोंद
– पाठीला लावायला पातळ, हवा जाऊ देणारं कापड. पुढच्या बाजूसाठी जाडसर कापड
– स्टेपल गन, भिंतीसाठी रावलप्लग आणि हुक

आखूड पट्ट्या लांब पट्ट्यांच्या मध्ये बसवा, म्हणजे आतलं माप ५९५ × ११९५ मिमी येईल आणि स्लॅब किंचित दाबून अडकून बसेल. बाहेरचं माप ६०० × १२०० धरून चौकट केली तर आतली जागा कमी पडते आणि प्रत्येक स्लॅब कापावा लागतो. ही चूक सर्रास होते. स्लॅब पुढच्या बाजूला सरकवून मागे ५० मिमी पोकळी सोडा. ही पोकळी फुकटची जाडी आहे, तिच्यामुळे शोषण खालच्या कंप्रतांपर्यंत पोचतं. स्लॅब मागे घसरू नये म्हणून आतून दोन आडव्या पातळ पट्ट्या मारा.

कापडाची परीक्षा सोपी: तोंडाला लावून फुंकर मारा. हवा सहज पार गेली तर चालेल. रेक्झिन, प्लास्टिकचा थर असलेलं पडद्याचं कापड बाद. रॉकवूल हाताळताना हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि काम मोकळ्या हवेत करा. तयार पॅनल नऊ-दहा किलोचं होतं, तेव्हा दुहेरी टेपवर भरवसा ठेवू नका. छतावरचं तर नक्कीच चार ठिकाणी अँकर करून टांगा.

कुठे लावायचं

पहिले कोपरे. सगळ्या मोडचा दाब कोपऱ्यांत साठतो, म्हणून तिथलं पॅनल सगळ्यात जास्त काम करतं. पॅनल कोपऱ्यात तिरकं उभं केलं की मागे कोपऱ्यापर्यंत सुमारे ३० सेंमी पोकळी मिळते. एकावर एक दोन, म्हणजे चार कोपऱ्यांना आठ पॅनल. एखाद्या कोपऱ्यात दार असेल तर भिंत आणि छत मिळतात ती आडवी कड वापरा, तोही कोपराच.

मग बाजूच्या भिंती. खुर्चीत बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी कानाच्या उंचीवर भिंतीला टेकवून आरसा सरकवायला सांगा. ज्या जागी आरशात स्पीकर दिसतो तिथून पहिलं प्रतिबिंब कानाकडे येतं. तिथे पॅनल. दोन्ही भिंतींवर एकेक. छतासाठीही हाच आरसा वापरून दोन पॅनल शेजारीशेजारी टांगा, छतापासून १० सेंमी खाली. उरलेली दोन पाठीमागच्या भिंतीवर. झाली चौदा, स्लॅब अठ्ठावीस.

जमीन कडक राहू द्या, गालिचा एखादा पुरे. डिफ्यूझर (आवाज शोषण्याऐवजी विखुरणारं पॅनल) एवढ्या खोलीत घेऊ नका: त्यापासून कान दीडदोन मीटर तरी लांब हवेत, आणि ती जागा बास आवरायला जास्त लागते.

मोजमाप

रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एक ओम्नी (सगळ्या दिशांनी ऐकणारा) मेझरमेंट माइक कानाच्या जागी, छताकडे तोंड करून ठेवा आणि २० ते २०,००० हर्ट्‌झचा स्वीप (खालून वर चढत जाणारा सूर) वाजवा. आधी रिकाम्या खोलीचं मोजमाप जपून ठेवा, मग प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा. फक्त फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सच्या रेषेवर डोळे लावू नका. वॉटरफॉल आलेखात कोणती कंप्रता किती वेळ रेंगाळते ते दिसतं आणि छोट्या खोलीत खरा त्रास त्या रेंगाळण्याचाच असतो. बोलण्याच्या पट्ट्यात आवाज ०.२ ते ०.४ सेकंदांत विझला तर ठीक.

गायकाची जागा

माइक खोलीच्या मधोमध नको, भिंतीला चिकटूनही नको. कार्डिऑइड माइक पाठीमागून कमी ऐकतो आणि समोरून जास्त. म्हणजे गायकाच्या पाठीमागची भिंत माइकला स्पष्ट ऐकू येते. जाड पॅनल गायकाच्या पाठीशी हवं. माइकच्या मागे लावायचं अर्धगोल फोमचं कवच नेमकं चुकीच्या बाजूला बसतं. तोंडापासून १५ ते २० सेंमी, मध्ये पॉप फिल्टर (प-ब म्हणताना येणारा हवेचा झोत अडवणारी जाळी), आणि लॅपटॉपच्या पंख्याकडे माइकची पाठ.

जागा पक्की करण्याआधी तीच ओळ त्याच अंतरावरून खोलीत पाच ठिकाणी रेकॉर्ड करा, हेडफोनवर लागोपाठ ऐका. नंतर कुणी न बोलता एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करून आवाज वाढवून ऐका. पंखा, ट्यूबचा चोक, मंद केलेल्या दिव्याच्या डिमरची गुणगुण, सगळं तिथे सापडतं.