एडीएचडी आणि ऑफिस: हात आवरायचा कसा?

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि उतावळेपणा आवरणं कठीण जातं अशी मेंदूची घडण. ‘जरा लक्ष देऊन काम कर’ हा सल्ला आम्हा एडीएचडीवाल्यांच्या काही कामाचा नाही. आजूबाजूची मांडणी बदलली, तर फरक पडतो.

मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवते; टेबलावर पालथा ठेवला तरी तो खुणावतोच. कीबोर्डशेजारी कोरा कागद असतो. मधेच वीजबिल आठवलं, भन्नाट कल्पना सुचली, की दोन शब्द खरडायचे आणि परत कामाला लागायचं. लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नका. ‘अहवाल लिहिणे’ असं यादीत लिहिलं की हात चालत नाही. ‘फाइल उघडून मथळा टाइप करणे’ लिहा.

उतावळेपणाचा खरा धोका ईमेलमध्ये. तापलेलं उत्तर खुशाल लिहा, पण पत्त्याची जागा रिकामी ठेवा. जीमेलच्या सेटिंगमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायची मुदत 5 सेकंदांवरून 30 करता येते, ती आजच करा. मीटिंगमध्ये मुद्दा आधी कागदावर, मग तोंडातून. नवं काम समोर आलं की माझं ठरलेलं वाक्य: ‘कॅलेंडर बघून सांगते.’

कंटाळवाण्या कामाला सहकाऱ्याशेजारी जाऊन बसा, गप्पा न मारता. (हे जमणं कठीण, मान्य.) औषधांचं मात्र मानसोपचारतज्ज्ञांनाच विचारा.