जंगलाला लागून 'बॅकअप' जागा घेताय? इसार द्यायच्या आधी हे तपासा

कोरोनानंतर पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच आहे, उद्या परत काही झालं तर जायला शहराबाहेर आपली एक जागा हवी, विहीर, थोडी शेती, सोलर, आणि मागे जंगल असलं की शेजारी कुणी नाही, लाकूडफाटा फुकट. मुळशी, वेल्हे, कर्जत, जुन्नर, सगळीकडे एजंट 'फॉरेस्ट टच' म्हणून जागा दाखवतात आणि वर त्याचेच जास्त पैसे लावतात. माझं स्पष्ट मत आहे की संकटकाळासाठी जागा घेताय तर फॉरेस्ट टच हीच त्या जागेची सगळ्यात मोठी जोखीम आहे, आणि त्यातली बरीचशी आधी तपासून घेता येते.

सुरुवात कागदांपासून. आजचा ऑनलाइन सातबारा स्वच्छ दिसला म्हणून खूश होऊ नका. महाराष्ट्रात 1975 साली खाजगी वनं संपादन कायदा आला आणि 30 ऑगस्ट 1975 पासून अशा हजारो खाजगी जमिनी सरकारकडे गेल्या, पण कागदोपत्री नोंदी कित्येक ठिकाणी लागल्याच नाहीत किंवा खूप उशिरा लागल्या. म्हणून जुने हस्तलिखित सातबारे आणि सगळे फेरफार काढा, इतर हक्काच्या रकान्यात 'खाजगी वन', 'राखीव वन' किंवा 'कलम 35(3)' (वन कायद्याखाली मालकाला काढलेली नोटीस) असं काही दिसलं तर तिथेच थांबा आणि वकील गाठा. 2014 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही 35(3) ची नुसती नोटीस काढली पण मालकाला बजावलीच नाही तर तेवढ्यावर जमीन वन ठरत नाही, एजंट हाच निकाल तोंडावर फेकतात, पण तो तुमच्या गटाला लागू आहे का हे ठरवायला परत कोर्टातच जावं लागतं आणि त्यात वर्षं जातात. भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे विकण्यावर सरकारी बंधन असलेली जमीन) आहे का, आदिवासी खातेदाराची जमीन आहे का हेही बघा, ती परवानगीशिवाय घेताच येत नाही. आणि तुमच्याकडे शेतकरी दाखला नसेल तर शेतजमिनीचा विषय तिथेच अडतो. हद्द कायम मोजणी (हद्दीच्या खुणा पक्क्या करणारी सरकारी मोजणी) मागवा आणि मोजणीच्या दिवशी वनखात्याच्या गार्डला किंवा वनपालांना बोलवा, कारण कुंपण वनहद्दीत दोन फूट जरी आत गेलं तरी अतिक्रमण ते अतिक्रमणच.

आता रस्ता, इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. गुगल मॅपवर पांढरी रेघ दिसते, जीप जाते, एजंट म्हणतो पूर्वापार वहिवाट आहे. तलाठ्याकडून गावनकाशा घ्या आणि तो रस्ता कुठल्या कुठल्या गटातून जातो ते एकेक करून बघा. मधला शंभर मीटरचा तुकडा जरी राखीव वनात असला तर तो रुंद करता येत नाही, मुरूम टाकता येत नाही, जेसीबी नेला तर गुन्हा दाखल होऊन मशीन जप्त होऊ शकतं. विजेचे खांब आणि पाण्याची पाइपलाइन त्यातून न्यायची तरी 1980 च्या वनसंवर्धन कायद्याखाली परवानगी लागते. 2006 च्या वनहक्क कायद्यात एक हेक्टरपर्यंत वनजमीन रस्त्याला देता येते हे खरंय, पण ते गावाच्या रस्त्यांसाठी, शाळा-अंगणवाडीसाठी, तेही ग्रामसभेच्या शिफारशीने, तुमच्या फार्महाऊससाठी नाही. म्हणजे ज्या दिवशी आजारी माणसाला घेऊन रात्री खाली उतरायचंय त्या दिवशी तुमचा एकमेव रस्ता दुसऱ्याच्या मर्जीवर.

उताराचं पण बघा. माळीण 30 जुलै 2014 ला आणि इर्शाळवाडी 19 जुलै 2023 च्या रात्री दरडीखाली गेली, आणि इर्शाळवाडीला गाडीरस्ताच नव्हता, बचाव पथकं पायी चढली, मोठी मशीन वर नेता आली नाहीत. घराच्या मागे डोंगराला भेगा, वाकडी झालेली झाडं, नवीन फुटलेले झरे दिसले तर कितीही स्वस्त मिळो, ती जागा सोडा.

वणवा हा वेगळाच विषय आहे. फेब्रुवारी ते मे गवत वाळून कोळ झालेलं असतं, कुणीतरी विडी टाकतं किंवा पुढच्या वर्षी गवत चांगलं यावं म्हणून पेटवतं, आणि आग चढावर फार वेगाने पळते, त्यामुळे व्ह्यू मिळतो म्हणून उताराच्या माथ्यावर कडेला बांधलेलं घर आधी सापडतं. तालुक्याचा बंब यायला तास-दीड तास. नासाच्या फर्म्स (FIRMS) साइटवर, जिथे उपग्रहाला दिसलेल्या आगी नकाशावर असतात, मागच्या वर्षांत आसपास कुठे आगी दिसल्या ते फुकट बघता येतं, नक्की बघा. आपल्या हद्दीत आतून डिसेंबर-जानेवारीतच गवत कापून पट्टा साफ ठेवा, घराभोवती निदान दहा मीटर, आणि त्या पट्ट्यात सरपणाची रास, गवताची गंजी, गॅसची टाकी काही नको. वनहद्दीच्या आत मात्र काडीही ओढू नका, तिथली जाळरेषा (आग पुढे पसरू नये म्हणून साफ केलेला पट्टा) वनखातं काढतं, जानेवारीत रेंज ऑफिसला जाऊन विचारा या बाजूला काढणार आहात का.

जनावरं येणारच. रानडुक्कर आणि वानर भाजीपाला ठेवत नाहीत, कोल्हापूरकडे गवा, जुन्नरकडे बिबट्या, आणि राखणीला कुत्रं बाहेर बांधलं की बिबट्याला आमंत्रणच. झटका मशीनचं सोलर कुंपण चालतं, पण मेन लाइनचा करंट तारेत सोडणं म्हणजे जीव घेणं आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा. सापही असतातच, म्हणून अँटीव्हेनम (सर्पदंशावरचं औषध) असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं ते फोन करून विचारा, पाटी बघून गृहीत धरू नका.

शेवटचं म्हणजे ते जंगल रिकामं नाहीये. भीमाशंकरच्या बाजूला हिरडा कोण गोळा करणार हे ठरलेलं असतं, गडचिरोलीत मेंढा लेखासारख्या गावांकडे सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल वापरायचे आणि सांभाळायचे अख्ख्या गावाचे हक्क, कायद्याने आहेत. मार्च 2020 ला किती गावांनी रस्त्यावर काटेरी फांद्या आणि दगड टाकून बाहेरच्यांना अडवलं ते सगळ्यांनी पाहिलंय, आणि जीव वाचवायला आलेला अनोळखी शहरी माणूस गावाला तेव्हा धोकाच वाटत होता. त्यामुळे जंगलावर भिस्त ठेवून प्लॅन करू नका, सरपण, पाणी, चारा आपल्या हद्दीत होत असेल तरच पुढे जा. इसार द्यायच्या आधी एकदा मे महिन्यात विहिरीचा तळ बघायला आणि एकदा भर जुलैत भरलेल्या गाडीने तो रस्ता चढायला जा, दोन्ही वेळा गावात मुक्काम करा, आणि सरपंच, पोलीस पाटील, शेजारचा खातेदार यांच्याशी एजंटला बाजूला ठेवून बोला. एजंट म्हणेल तोवर जागा जाईल, तर जाऊ दे.