देवाचं पाचारण शोधताय? प्रार्थनेत या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला, नोकरी सुटली किंवा लग्नाचं ठरवायची वेळ आली की मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुणांकडून एक प्रश्न हमखास येतो, "प्रभूची माझ्यासाठी काय योजना आहे हे मला कसं कळणार?" तळमळ अगदी खरी असते. पण शोधताना माणसं त्याच त्याच ठिकाणी अडकतात आणि मग वर्षानुवर्षं मनात अपराधीपणा घेऊन फिरतात, की देव सगळ्यांशी बोलतो, माझ्याशीच का नाही. मला वाटतं बऱ्याचदा कमी विश्वास ही अडचण नसतेच, आपण पाचारण (देवाची आपल्याला हाक) म्हणजे सगळा रस्ता एकदम दाखवणारा निरोप समजून बसतो ही असते. अब्राहामाला तरी काय सांगितलं होतं? मी दाखवीन त्या देशात जा, एवढंच. कुठला देश ते निघाल्यावर कळलं.

ठरवून झाल्यावर फक्त सही मागायला जाणं

ही सगळ्यात कॉमन चूक. परदेशातली नोकरी घ्यायचीच हे आधी ठरलेलं असतं आणि मग आपण गुडघे टेकून म्हणतो, प्रभू तुझी इच्छा दाखव. क्रुसाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने स्वतःला काय हवंय हे लपवलं नाही, हा प्याला टळून जावो असं सरळ मागितलं, पण त्याच दमात "माझ्या इच्छेप्रमाणे नको तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" हेही म्हटलं. म्हणून आधी आपल्याला काय हवंय ते देवासमोर स्पष्ट बोला, उगाच पवित्र भाषेत गुंडाळू नका. मग स्वतःला विचारा, उत्तर "नाही" आलं तर मी ऐकेन का? ऐकवत नसेल तर काही दिवस तेवढ्याचसाठी प्रार्थना करा, निर्णय नंतर बघू.

डोळे मिटून बायबल उघडणं आणि चिन्हं मागणं

बोट पडेल ते वचन माझ्यासाठी, हा प्रकार अजूनही चालतो, आणि सोबत गिदोनाची लोकर असतेच, म्हणजे रात्री लोकर ठेवून तिच्यावर दव पडतं का यावरून त्याने देवाकडे खूण मागितली तसं. पण बायबलमधला शास्ते ६ हा अध्याय नीट वाचा. गिदोनाला काय करायचं ते लोकरीच्या आधीच सांगून झालं होतं, लोकर त्याने शंका होती म्हणून ठेवली, देवाने ती सहन केली ही देवाची कृपा. आपल्याला तो नियम म्हणून दिलेला नाही.

यिर्मया २९:११ तर प्रत्येकाच्या स्टेटसला असतं, तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत वगैरे. ते पत्र यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमहून बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे आणि त्याच्या एकच ओळ आधी म्हटलंय की ७० वर्षं पूर्ण झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन. आणि तोपर्यंत? घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्यासाठी प्रार्थना करा. एक वचन उचलण्यापेक्षा अख्खा अध्याय वाचला असता तर किती जणांची घालमेल कमी झाली असती!

पाचारण म्हणजे फुल टाइम सेवाच असं धरून चालणं

पाळक, फादर, सिस्टर, मिशनरी ही पाचारणं आहेतच, त्यांचा मान मोठा आहे. पण प्रेषित पौल करिंथ शहरात राहून तंबू शिवायचा आणि सुवार्ताही सांगायचा. आपल्याकडे कितीतरी घरांतल्या बायकांनी नर्सिंग केलं, शाळेत शिकवलं, ते काय पोट भरायला केलेलं दुय्यम काम होतं? पंडिता रमाबाईंचं बघा. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं ते विधवांच्या शिक्षणासाठी. १८९६ च्या सुमाराला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा तिथे जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या आणि त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं, मग आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत बायबलचं मराठी भाषांतर. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळात गेले होते. पहिल्या दिवशी त्यांना केडगाव दिसलं नव्हतं, समोर गरज आली तशी एकेक पायरी चढत गेल्या. म्हणून "मी काय व्हावं" याच्या जोडीला हेही विचारा की कुणाचं दुःख बघून मला स्वस्थ बसवत नाही. आपल्या मंडळीत ज्याला ओझं म्हणतात ते बऱ्याचदा तिथेच सापडतं.

एकट्यानेच ठरवणं, किंवा दुसऱ्यानेच ठरवून देणं

लहान शमुवेलाला हाक आली तर तो तीनदा एलीकडे धावत गेला, त्याला आवाज ओळखताच आला नाही. म्हाताऱ्या एली याजकाने सांगितलं तेव्हा कुठे तो म्हणाला, "बोल, तुझा दास ऐकत आहे." अंत्युखिया शहरात पण बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना सेवेसाठी वेगळं करा हे उपास आणि उपासना चालू असलेल्या मंडळीला सांगितलं गेलं. तुम्हाला नीट ओळखणारी दोन-तीन प्रौढ माणसं शोधा, जी तुम्हाला नाही म्हणायला घाबरत नाहीत, आणि त्यांना ऐकवा.

पण उलटी चूक जास्त घातक आहे, म्हणून जरा थांबून सांगते. बाहेरून आलेला एखादा प्रचारक डोक्यावर हात ठेवून सांगतो की प्रभूने मला दाखवलंय तू कॉलेज सोड, किंवा अमक्याशी लग्न कर, किंवा एवढं दान पेर म्हणजे दार उघडेल. पोरं हादरून जातात, कारण देवाच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात पौल दोन्ही गोष्टी एकत्र सांगतो, संदेश तुच्छ मानू नका आणि सगळ्याची पारख करा. पारख करणं म्हणजे अविश्वास नाही, आज्ञापालनच आहे. जो संदेश घाई करायला लावतो, घरच्यांपासून किंवा पाळकांपासून लपवायला सांगतो, भीती घालतो किंवा पैशावर येऊन थांबतो, तिथे सरळ थांबा. आणि "देवाने मला सांगितलंय तू माझीच बायको होणार" असं कुणी म्हणालं तर मुलींनो, तुम्हाला पण देव आहे, तो तुम्हाला वेगळं सांगू शकतो.

कोरडेपणात किंवा कन्व्हेन्शनच्या भरात निर्णय घेणं

इग्नाशियस लोयोला, पुढे जेसुइट संघ स्थापन करणारा संत, हा आधी सैनिक. १५२१ मध्ये पांपलोनाच्या लढाईत त्याच्या पायाला तोफगोळा लागला आणि मग घरी पडून राहावं लागलं. त्याच्या लक्षात आलं की दरबारी पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा येते पण नंतर मन कोरडं पडतं, आणि ख्रिस्ताच्या, संतांच्या मार्गाने जायचा विचार केला की समाधान मागे उरतं. तिथून त्याने पुढे पारख करायचे नियम लिहिले. त्यातला एक मी प्रत्येकाला सांगते, मन अंधारात असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नका. भर असताना पण तेच, तीन दिवसांच्या सभेत रडून उभे राहिलात, छान, पण राजीनामा घरी येऊन दोन-तीन महिने प्रार्थना करून मग द्या, तोपर्यंत ती ओढ टिकते का बघा.

आणि आधी झोप काढा! एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, उठवून भाकर खायला दिली, तो परत झोपला, परत खायला दिलं. होरेब डोंगरावर देवाची मंद वाणी त्याने ऐकली ती त्यानंतर. महिनोन्महिने उदास वाटतंय, झोप नाही, जगणं नको वाटतंय तर प्रार्थनेसोबत डॉक्टरकडे जा, हे मी अगदी मनापासून सांगते.

प्रार्थनेत मन लागत नसेल तर

तासभर बसायचा हट्ट सोडा, रोज ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटं पुरे. शब्द सुचत नसतील तर बायबलमधलं स्तोत्र १३ मोठ्याने वाचा, "किती काळ" म्हणायची परवानगी देवानेच दिलीय. भटकलेला विचार, घराचा हप्ता असो नाहीतर सासूबाईंचं आजारपण, त्याचीच प्रार्थना करून टाका. आणि रात्री एक वही घ्या, आज कुठे देवाजवळ वाटलं, कुठे लांब गेलो, दोन ओळी लिहा. काही महिन्यांनी मागे वाचलं की त्याच त्याच गोष्टी वर येताना दिसतात, कुठलंही चिन्ह मागण्यापेक्षा हे मला जास्त भरवशाचं वाटतं.

नुसतं वाट बघत बसणं

यरुशलेमचा तट पडल्याची बातमी कळल्यापासून पारसच्या राजासमोर तोंड उघडेपर्यंत त्याचा प्यालेबरदार नहेम्या याचे साधारण चार महिने गेले, उपास, प्रार्थना, रडणं. पण राजाने विचारलं तेव्हा त्याच्याकडे मुदत तयार होती, कुणाच्या नावाने पत्रं लागतील, लाकूड कुठून घ्यायचं, सगळं तयार. पौलाला पवित्र आत्म्याने आधी आशिया प्रांतात अडवलं, मग बिथुनियात जाऊ दिलं नाही, तो चालत राहिला म्हणून त्रोवसला पोचला आणि तिथे रात्री दृष्टान्तात मासेदोनियाचा माणूस मदतीला बोलावताना दिसला. फॉर्म भरा, परीक्षा द्या, संडे स्कूलमध्ये वर्षभर शिकवून बघा, मग समजेल जमतंय का.

आणि पाऊल चुकलं असं वाटतंय, सेमिनरी (पाळक घडवणारी शाळा) सोडून परत आलात, सेवा अर्धी टाकली, तर पौलाच्या प्रवासातला सोबती मार्क आठवा. तो पंफुल्या प्रांतातून मागे फिरला, पुढे पौलाने त्याला न्यायला नकार दिला, त्यावरून पौल आणि बर्णबा यांचं एवढं वाजलं की ते वेगळे झाले. बर्णबाने मात्र मार्कला सोबत घेतलं. आणि तुरुंगातून आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलेल्या पत्रात तोच पौल म्हणतो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे.