घरच्या घरी कारचा अल्टरनेटर बदलायचाय? आधी हे बघा

डॅशबोर्डवर बॅटरीची लाईट लागली की लगेच नवीन अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) घेऊ नका भावांनो, आधी बॅटरीला मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र लावा. गाडी बंद असताना बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, चालू केल्यावर 13.8 ते 14.5 पर्यंत जायला पाहिजे, नाही गेली तर बेल्ट सैल आहे का, वायर गंजलीय का ते बघा आणि मगच अल्टरनेटरवर संशय घ्या. आपल्याकडं पावसात कनेक्टर हिरवे पडतात, नुसतं घासून पण काम होतंय कधीकधी.

इंजिन गार होऊ द्या. सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, हे विसरायचंच नाही, कारण अल्टरनेटरच्या मागची जाड वायर थेट बॅटरीवरनं येते आणि पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते, हात भाजतोय. बेल्ट कसा फिरलाय त्याचा मोबाईलवर फोटो काढा, मग टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) सैल करून बेल्ट, कनेक्टर, वायर, शेवटी बोल्ट काढा.

जुना पीस घेऊनच उद्यमनगरला, म्हणजे पार्ट मिळतात तिथं जा, अँपिअर, पुलीच्या खाचा आणि कनेक्टर तिघंही जुळले पाहिजेत. खरं सांगू का, अल्टरनेटरच्या आतले नुसते ब्रश (करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) किंवा रेग्युलेटर (व्होल्ट ताब्यात ठेवणारा भाग) गेले असतील तर रिपेअर करून घ्या, पैसे वाचतात.

बसवताना सगळं उलट क्रमानं, निगेटिव्ह शेवटी. ऑटो टेन्शनर नसेल तर बेल्टच्या लांब भागावर अंगठ्यानं दाबून बघा, सेंटीमीटरभर दबला की बास. मग हेडलाईट, एसी लावून परत व्होल्ट मोजा.