आधी बस क्लॉक, मग रजिस्टर

लिनक्स ड्रायव्हरमध्ये (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमध्ये) चूक झाली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बहुतेक वेळा काहीतरी सांगतो: ऊप्स (कर्नलचा चूक-अहवाल) येतो, स्टॅक छापला जातो, कुठे बघायचं ते कळतं. बस क्लॉक (हार्डवेअरकडे जाणाऱ्या वाटेला चालवणारा ठोका) बंद असताना रजिस्टर (हार्डवेअरशी बोलायची त्याच्यातली छोटी जागा) वाचलं, तर मात्र काही आर्म चिप अक्षरही बोलत नाहीत. वाचण्याची मागणी बसवर जाते, पलीकडून उत्तर येत नाही आणि कोर तिथेच खिळतो. काही चिप निदान एक्स्टर्नल अबॉर्ट, म्हणजे बसवरच्या चुकीची सूचना, देतात. माझ्या वाट्याला आलेला बोर्ड गप्प बसणारा होता, म्हणून हे जरा तपशिलात लिहिते.

आधी डिव्हाइस ट्रीत (बोर्डवरच्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलीत) ‘क्लॉक्स’ आणि ‘क्लॉक-नेम्स’ बघा. बऱ्याच ब्लॉकना (चिपमधल्या हार्डवेअरच्या भागांना) दोन क्लॉक असतात. एक बसचा, म्हणजे रजिस्टरपर्यंत पोचण्यासाठी. नाव ‘बस’, ‘एपीबी’ किंवा ‘आयफेस’ असं काहीतरी. दुसरा ब्लॉकच्या खऱ्या कामाचा. आयटूसीचा भाजक किंवा यूएआरटीचा बॉड रेट (या दोन सिरियल जोडण्यांचा वेग ठरवणारे आकडे) काढायचा तो या दुसऱ्याच्या वेगावरून. चुकून बस क्लॉकवर ‘सीएलके_गेट_रेट’ (क्लॉकचा वेग विचारणारं फंक्शन) लावलं, तर ड्रायव्हर चालतो पण वेग चुकतो, आणि दोष वायरिंगवर जातो. क्लॉक नेहमी नावाने मागा, क्रमांकाने नको.

प्रोबमध्ये (ड्रायव्हर उपकरणाला जोडताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) क्लॉक मिळाला नाही तर लगेच हार मानायची नाही. क्लॉक पुरवणारा ड्रायव्हर कदाचित अजून उठलेलाच नसेल. अशा वेळी येणारा ‘ईप्रोब_डिफर’ (‘नंतर पुन्हा प्रयत्न कर’ असा कोड) तसाच वर परत करा. ‘डेव्ह_एरर_प्रोब’ वापरलंत की लॉगमध्ये खोटी बोंब होत नाही.

क्लॉक चालू करायचे ‘प्रिपेअर’ आणि ‘एनेबल’ हे टप्पे वेगळे का, हा प्रश्न नव्या मंडळींना हमखास पडतो. प्रिपेअर झोपू (वाट बघत थांबू) शकतो, कारण पीएलएल (क्लॉकचा वेग तयार करणारं सर्किट) स्थिर व्हायची वाट बघावी लागते किंवा क्लॉकची चिपच आयटूसीवर बसलेली असते. एनेबल स्पिनलॉकखाली (ज्याखाली झोपता येत नाही अशा कुलुपाखाली) चालतो, त्यामुळे तो इंटरप्ट हँडलरमध्येही (हार्डवेअरची हाक आली की चालणाऱ्या फंक्शनमध्येही) चालतो. 2012 साली 3.4 कर्नलमध्ये कॉमन क्लॉक फ्रेमवर्क आलं, त्याची मांडणीही याच दोन टप्प्यांवर आहे. दोन्ही मोजून होतात: जितके एनेबल तितके डिसेबल. डिसेबल जास्त झाला तर कर्नल इशारा छापतो. एनेबल जास्त झाला तर कोणी काही बोलत नाही, फक्त बॅटरी उतरत राहते.

आता माझा बोर्ड. मॉड्यूल काढताना तो गोठायचा, तेही फक्त डीबग कर्नलवर. सिरियल कन्सोलवर शेवटची ओळ अर्धीच छापलेली. दोन दिवस मी डीएमएवर (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीशी होणाऱ्या देवाणघेवाणीवर) संशय घेत बसले. खरी गोम अशी: इंटरप्ट सामायिक, म्हणजे एकाच लाइनवर अनेक उपकरणांचा, ‘डेव्हएम_रिक्वेस्ट_आयआरक्यू’ने घेतलेला आणि क्लॉक मात्र ‘रिमूव्ह’मध्ये (ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) हाताने बंद केलेला. डेव्हएमच्या वस्तू, म्हणजे कर्नल स्वतःहून सोडतो त्या, रिमूव्ह संपल्यावर सुटतात. म्हणजे क्लॉक आधी गेला, इंटरप्ट मागे राहिला. सामायिक इंटरप्ट सोडताना ‘कॉन्फिग_डीबग_एसएचआयआरक्यू’ हा डीबग कर्नलमधला पर्याय हँडलरला मुद्दाम एकदा जास्त हाक मारतो. हँडलरने स्टेटस रजिस्टर वाचलं आणि तिथेच सगळं थांबलं. तो पर्याय चालू नसता, तर हीच चूक कधीतरी कोणाच्या तरी हातात फुटली असती.

उपाय क्रमाचा आहे. रनटाइम पीएम (काम नसताना उपकरण झोपवायची कर्नलची सोय) नसेल तर आधी ‘डेव्हएम_सीएलके_गेट_एनेबल्ड’ (क्लॉक मागून लगेच चालू करणारं फंक्शन), मग इंटरप्ट. सुटताना उलट्या क्रमाने सुटतं, म्हणून इंटरप्ट आधी जातो. रनटाइम पीएम असेल तर मात्र हे फंक्शन वापरू नका: सस्पेंडमध्ये तुम्ही क्लॉक बंद केलेला असतो आणि डेव्हएम तो पुन्हा बंद करायला जातो. तिथे नुसता ‘डेव्हएम_सीएलके_गेट’ घ्या, चालू-बंद फक्त सस्पेंड-रिझ्युममध्ये ठेवा, आणि रिमूव्हमध्ये इंटरप्ट सोडल्याशिवाय क्लॉकला हात लावू नका.

सस्पेंडचा क्रम मी कागदावर लिहून ठेवला आहे. ब्लॉकचे इंटरप्ट बंद करा. तेच रजिस्टर परत वाचा, कारण लिहिलेलं बसवर वाटेतच असू शकतं आणि वाचल्याशिवाय ते पोचल्याची खात्री नाही. मग ‘झोपलो’ असा झेंडा (ड्रायव्हरमधली खूण) लावा, ‘सिंक्रोनाइझ_आयआरक्यू’ करा (म्हणजे चालू हँडलर संपेपर्यंत थांबा) आणि शेवटी क्लॉक बंद करा. लाइन सामायिक असेल तर हँडलरने सर्वांत आधी झेंडा बघायचा. तो लागलेला असेल तर ‘आयआरक्यू_नन’ (‘हा इंटरप्ट माझा नाही’) देऊन परत फिरायचं. रजिस्टरला शिवायचं नाही.

बूटलोडरकडेही लक्ष असू द्या. तो काही क्लॉक चालू ठेवूनच कर्नलला ताबा देतो, त्यामुळे क्लॉक न मागणारा ड्रायव्हरही सुरुवातीला चालतो. बूटच्या शेवटी कर्नल कोणीच न मागितलेले क्लॉक बंद करतो आणि मग बोर्ड अडतो. बूट ओळीत ‘सीएलके_इग्नोर_अनयूज्ड’ घातल्यावर बोर्ड सुरळीत चालला, तर कोणीतरी आपला क्लॉक मागायला विसरलंय असं समजा. मात्र हा पर्याय शोधापुरताच ठेवा. तो कायमचा ठेवून दिलेले बोर्ड मी पाहिले आहेत, आणि त्यांची वीज कुठे जाते ते शोधायला नंतर आठवडे गेले.

तपासणीसाठी डीबगएफएसमधली (कर्नलची आतली माहिती फाइलींतून दाखवणाऱ्या सोयीतली) ‘सीएलके_समरी’ ही क्लॉकची यादी उघडा. ब्लॉक वापरात असताना तुमच्या क्लॉकचा एनेबल आकडा बघा, ऑटोसस्पेंडची (काम थांबल्यावर आपोआप झोपायची) मुदत संपल्यावर पुन्हा बघा. दुसरा कोणी तो क्लॉक वापरत नसेल तर आकडा 0 व्हायला हवा. मग सिसएफएसमधून (फाइलींत लिहून कर्नलला आज्ञा द्यायच्या सोयीतून) ड्रायव्हर दहा वेळा अनबाइंड-बाइंड करा, म्हणजे उपकरणापासून सोडवून परत जोडा. तरी आकडा तितकाच राहिला, तरच मी पॅच पाठवते.