मॅनोमेट्री करायचीय? आवंढा रोखायला शिकून जा

घास छातीत अडकतो, कधी कधी पाणीसुद्धा उतरत नाही, एंडोस्कोपी केली तर त्यात सगळं नॉर्मल, मग डॉक्टर म्हणतात मॅनोमेट्री करून घ्या. नाकातून नळी घालणार एवढंच ऐकून पेशंट अर्धा गळून जातो. मी हीच तपासणी करते, म्हणून आधी काय माहीत असलं तर बरं पडतं ते सांगते.

एंडोस्कोपीत अन्ननलिका आतून दिसते, पण ती गिळताना कशी हलते ते त्यात नीट कळत नाही. साधारण २५ सेंटीमीटरची ही स्नायूंची नळी, घास गिळला की वरून खाली एक लाट जाते आणि जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल होते. ही लाट किती जोराची आहे, वेळेवर येते का, झडप खरंच सैल होते का, हे दाबावरून मोजायचं म्हणजे मॅनोमेट्री. हल्लीच्या हाय रिझोल्यूशन मशीनची नळी साधारण ४ मिलिमीटर जाड असते, बऱ्याच नळ्यांवर दर सेंटीमीटरला एक असे ३६ सेन्सर असतात, आणि स्क्रीनवर कमी दाब निळा, जास्त दाब लाल असं चित्र उमटत जातं.

तयारी फार नाही. बहुतेक ठिकाणी ६ तास उपाशी यायला सांगतात. औषधांची यादी मात्र आधीच दाखवा, कारण नायट्रेट, बीपीच्या काही गोळ्या, पोटाची हालचाल वाढवणारी औषधं आणि अफूवर्गातली पेनकिलर यांनी रिझल्ट बदलतो. स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, नाकाचं ऑपरेशन झालं असेल, किंवा अन्ननलिकेत शिरा फुगल्यात असं कुणी सांगितलं असेल तर तेही आधीच बोला.

झोपेचं इंजेक्शन देत नाहीत, कारण त्याने अन्ननलिकेची हालचालच बदलते आणि गिळायचं तर तुम्हालाच असतं. नाकात बधिर करायचं जेल लावतात. नळी घशाशी आली की हनुवटी छातीकडे वाकवा आणि स्ट्रॉने पाण्याचे छोटे घोट घेत राहा, घोटाबरोबर नळी आपोआप खाली सरकते. उबळ येते, डोळ्यांतून पाणी येतं, पण हा सगळ्यात वाईट भाग एक-दोन मिनिटांचाच असतो. तेव्हा श्वास रोखू नका, तोंडाने संथ घ्या. मग नळी नाकाला टेपने चिकटवतात, आडवं झोपवतात आणि थोडा वेळ नुसतं शांत पडून राहायचं.

आता खरी गोष्ट. ५ मिलिलीटर पाणी तोंडात देतात, "गिळा" म्हटलं की एकदाच गिळायचं आणि पुढचे निदान ३० सेकंद आवंढासुद्धा गिळायचा नाही. असं १० वेळा. ऐकायला सोपं आहे पण घशात नळी असताना तोंडात लाळ भरत राहते आणि आवंढा गिळला जातोच. अडचण अशी की दुसरं गिळणं सुरू झालं की शरीर पहिली लाट मध्येच थांबवतं, ती आपली नैसर्गिक रचनाच आहे, मग धडधाकट अन्ननलिकासुद्धा कागदावर कमजोर दिसू शकते. म्हणून जबडा सैल सोडा, ओठ किंचित उघडे, जीभ खाली टेकवलेली, बोलू नका, काही सांगायचं तर हाताने खूण करा. चुकून गिळलंच तर लगेच खूण करा, तो घोट परत घेता येतो. घरी ३० सेकंद न गिळता बसायची प्रॅक्टिस करून या, खूप फरक पडतो.

नंतर २-२ मिलिलीटरचे ५ घोट पटापट गिळायला लावतात. इथे ती थांबवणारी रचनाच कामाला येते, म्हणजे गिळताना सगळं शांत आणि शेवटी एक जोरदार लाट आली तर स्नायूत दम आहे. मग उठवून बसवतात, अजून ५ घोट, आणि शेवटी २०० मिलिलीटर पाणी भरभर प्यायचं. नळी काढायला काही सेकंदच लागतात, मग जेवता येतं. घसा दिवसभर खवखवतो, नाकातून थोडं रक्त येऊ शकतं.

रिपोर्टमध्ये आयआरपी म्हणजे गिळताना झडपेत उरलेला दाब. आडवं झोपून तो साधारण १५ मिलिमीटर पाऱ्याच्या आत हवा, काही मशीनवर ही मर्यादा २२ असते, त्यामुळे दुसऱ्याच्या रिपोर्टशी तुलना करू नका. डीसीआय म्हणजे लाटेचा जोर, ४५० ते ८००० नॉर्मल, १०० च्या खाली म्हणजे ती लाट फेल. आयआरपी वाढलेला आणि एकही नीट लाट नाही, हे ॲकॅलेशियाचं, म्हणजे झडप नीट सैल न होण्याच्या आजाराचं चित्र. त्याचे ३ प्रकार असतात आणि उपचार त्यावर ठरतो, प्रकार २ सहसा उपचाराला सगळ्यात छान दाद देतो. नुसता आयआरपी वाढलाय पण लाटा ठीक आहेत, तर तेवढ्यावर झडप कापायला किंवा फुगवायला तयार होऊ नका, आधी बेरियमचा एक्स-रे (बेरियमचं पांढरं पाणी पाजून काढतात तो) काढून खात्री करायला सांगा.

आणि रिपोर्टच्या कागदाबरोबर ते रंगीत ग्राफही मागून घ्या, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायची वेळ आली तर ते आधी तेच बघायला मागतील.