आरएमएम सॉफ्टवेअर निवडताना या चुका टाळा : बेळगाव सीमाभागातल्या आयटी सेवा देणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात कॉम्प्युटरची एएमसी (वार्षिक देखभालीचं कंत्राट) घेणारे बरेच जण आता आरएमएमकडे, म्हणजे दुरून मशीनवर लक्ष ठेवणाऱ्या आणि ती सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरकडे (रिमोट मॉनिटरिंग अँड मॅनेजमेंट) वळत आहेत. एक ग्राहक उद्यमबागेत, दुसरा खानापुरात, तिसरा हद्द ओलांडून चंदगडला. प्रिंटर अडकला म्हणून दर वेळी गाडी काढणं परवडत नाही. प्रत्येक मशीनवर एजंट नावाचा एक छोटा प्रोग्रॅम बसवला की डिस्क भरत आली, बॅकअप चुकला, अपडेट राहिलं हे सगळं आपल्या ऑफिसात बसून कळतं आणि बरंचसं तिथूनच दुरुस्त होतं.

गोची होते ती निवडताना. डेमोमध्ये कुठल्याही कंपनीचा डॅशबोर्ड हिरवागार दिसतो, कारण त्यातली मशीनं नवी असतात आणि नेट चांगलं असतं. म्हणून माझं ठाम मत आहे की आरएमएमची परीक्षा आपल्याकडच्या सगळ्यात रडक्या मशीनवर घ्यावी.

ट्रायल चांगल्या मशीनवर घेणं

ट्रायलसाठी ही मशीनं निवडा : फाउंड्रीत सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्राला) जोडलेला जुना पीसी, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणारी पतसंस्थेची शाखा, आणि एखाद्या दुकानातला धूळ खाल्लेला डेस्कटॉप. विंडोज ७चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला, आणि अनेक आरएमएमचे नवे एजंट त्यावर बसतच नाहीत. सीएनसीचा पीसी मात्र मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या संमतीशिवाय बदलता येत नाही. विंडोज १०चाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेली मशीनं विंडोज ११ला पात्र ठरत नाहीत. तेव्हा कुठली जुनी व्हर्जन किती दिवस चालेल, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. फोनवरच्या 'हो सर, चालतंय' वर जाऊ नका.

अशा ट्रायलमध्ये एक गोष्ट हमखास पुढे येते. डॅशबोर्डवर मशीन ऑफलाइन दिसतं आणि ग्राहक फोनवर सांगतो, "अहो, चालू हाय की, टॅलीत काम चाललंय." अशा वेळी एजंट काढून पुन्हा बसवण्याआधी स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचायला सांगा. २०१५ किंवा तसलंच काही असेल, तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. संध्याकाळी दुकान बंद करताना मालक मेन स्विच पाडतात, सेल नसला की घड्याळ मागे जातं, आणि चुकीच्या तारखेमुळे सर्टिफिकेट अवैध ठरून एजंटचं सुरक्षित कनेक्शन जुळत नाही. डोमेनमध्ये (ऑफिसच्या सर्व्हरच्या ताब्यात) नसलेल्या मशीनवर फरक १५ तासांपेक्षा जास्त असेल, तर विंडोजची टाइम सर्व्हिस मूळ सेटिंगमध्ये आपणहून तो दुरुस्त करत नाही. सीआर २०३२ सेल बदला, तारीख हाताने लावा, एजंट परत येतो.

उलट तक्रारही येते : पाच मशीनं असून डॅशबोर्डवर एकच दिसतं आणि त्याचं नाव सारखं बदलतं. एजंट बसवलेल्या मशीनची इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) काढून बाकीच्यांवर टाकली, की सगळ्यांची ओळख एकच होते. इमेज काढण्याआधी एजंट काढून टाकायचा, एवढंच.

रात्री दोनचं पॅचिंग

बहुतेक आरएमएममध्ये अपडेटची वेळ मध्यरात्रीची धरलेली असते. आपल्याकडे त्या वेळी मशीन सोडाच, अख्ख्या दुकानाची लाइट बंद असते. महिनाअखेरीस रिपोर्टमध्ये सगळीकडे लाल दिसतं. म्हणून विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा. चुकलेलं काम मशीन चालू होताच आपोआप होतं का? आणि रीस्टार्ट किती वेळा पुढे ढकलता येतो? पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर ते सॉफ्टवेअर आपल्या भागात कुचकामी आहे.

मायक्रोसॉफ्टचे पॅच (दुरुस्तीची अपडेट) महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत सकाळी निघतात, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी रात्री. बुधवारी सकाळी सगळी मशीनं एकदम डाउनलोडला लागली, की शाखेचं नेट बसतं. एका मशीनने उतरवलेलं अपडेट लॅनवरच्या बाकीच्यांना देण्याची सोय विंडोजमध्येच आहे, आरएमएम तिचा वापर करू देतं का ते बघा. पहिल्या दिवशी आपल्या ऑफिसची मशीनं, मग दोन-तीन ग्राहक, मग बाकीचे, असं टप्प्याटप्प्याने जा. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं बंद पाडली. अपडेट एकदम सगळीकडे सोडलं की काय होतं, ते तेव्हा जगाने बघितलं.

पतसंस्थांना मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आणि साखर कारखान्यांच्या काटाघराला गळीत हंगामात हात लावायचा नाही. अशा बंदीच्या तारखा ग्राहकागणिक वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत.

अलर्टचा पाऊस

खानापूरकडे पावसाळ्यात तारांवर झाड पडलं की लाइट जाते आणि एका ऑफिसातून वीस-पंचवीस 'ऑफलाइन' अलर्ट येतात. दोन आठवड्यांत पोरं अलर्ट बघणंच सोडतात, आणि त्यातच खराब होत चाललेल्या हार्ड डिस्कचा खरा इशारा बुडतो. राउटर बंद असेल तर त्यामागच्या मशीनचे अलर्ट दाबून एकच अलर्ट देणारं सॉफ्टवेअर घ्या. साध्या पीसीच्या ऑफलाइन अलर्टची गरजच नसते. सर्व्हर, बॅकअप, डिस्क आणि यूपीएसची बॅटरी एवढ्यावर डोळा ठेवा.

सुरक्षेचा विचार शेवटी करणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. आरएमएम म्हणजे आपल्या सगळ्या ग्राहकांच्या किल्ल्यांचा एकच जुडगा. २ जुलै २०२१ रोजी रेव्हिल या हॅकर टोळीने कसेया व्हीएसए या आरएमएममधल्या त्रुटीचा फायदा घेतला. कंपनीच्या सांगण्यानुसार थेट फटका साठेक ग्राहकांना बसला, पण त्यांतले बरेचसे आपल्यासारखे सेवा देणारे होते. त्यांच्यामार्फत रॅन्समवेअर (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) सुमारे १५०० धंद्यांपर्यंत पोचलं. घातक फाइल उतरली ती त्या आरएमएमच्या कामाच्या फोल्डरमध्ये, जो अँटिव्हायरसमधून वगळायची शिफारस खुद्द कंपनीनेच केलेली होती.

म्हणून अँटिव्हायरसने एजंट अडवला की चिडून अख्खी सी ड्राइव्ह वगळू नका. नेमकी फाइल, नेमकी डिजिटल सही, तेवढंच वगळा, आणि विक्रेता सरसकट फोल्डर वगळायला सांगत असेल तर त्याला कारण विचारा. टू-फॅक्टर (पासवर्डसोबतचा दुसरा पुरावा) बंद करता येत असेल तर ते सॉफ्टवेअर घेऊच नका. प्रत्येक टेक्निशियनचं लॉगिन वेगळं हवं. आपल्याकडची हुशार पोरं वर्ष-दोन वर्षांत पुण्याला नाहीतर बंगळुरूला जातात. ज्या दिवशी निरोप समारंभ, त्याच दिवशी त्यांचं खातं बंद झालं पाहिजे. सगळ्या ग्राहकांवर एकदम स्क्रिप्ट (आदेशांची फाइल) चालवण्याला दुसऱ्या माणसाची मंजुरी लागेल अशी सोय असेल, तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग (कामकाजाच्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. काही स्वस्त प्लॅनमध्ये लॉग महिनाभरच राहतात. सही करण्याआधी हा आकडा बघा.

दुरून स्क्रीन ताब्यात घेताना समोरच्याची परवानगी मागणारी खिडकी मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहिता येते का, तेही तपासा. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला न वाचताच 'यस' दाबायची सवय लागली, तर उद्या कुणी भामटाही तसाच आत शिरेल.

फक्त दर बघणं

दर दोन तऱ्हेचे असतात : मशीनमागे किंवा टेक्निशियनमागे. दोन माणसं आणि भरपूर मशीनं असतील तर टेक्निशियनमागचा दर बहुधा स्वस्त पडतो. माणसं जास्त आणि मशीनं थोडी असतील तर उलट. परदेशी कंपनीचं डॉलरमधलं बिल असेल तर बँकेचा परकीय चलनाचा आकार आणि रिव्हर्स चार्जवर (विक्रेत्याऐवजी आपणच) भरायचा आयजीएसटी हिशोबात धरा; क्रेडिट मिळतं, पण रोकड आधी जाते. वर्षाचा करार आपोआप वाढतो का आणि नोटीस किती दिवसांची, हे आधीच वाचून घ्या.

देवनागरी आणि बाहेर पडण्याची वाट

आपल्याकडे फोल्डरची नावं 'सभासद कर्ज' अशी सर्रास असतात. विंडोजसोबत येणारं, स्क्रिप्ट चालवणारं पॉवरशेल ५.१ हे बीओएम (फाइलच्या सुरुवातीची अक्षरपद्धतीची खूण) नसलेली स्क्रिप्ट यूटीएफ-८ या अक्षरपद्धतीत वाचत नाही. देवनागरी पाथचं कडबोळं होतं आणि स्क्रिप्टला फोल्डर सापडत नाही. स्क्रिप्ट यूटीएफ-८ बीओएमसह जतन करा. आरएमएम ती मशीनवर पाठवताना बीओएम काढून टाकतं का, हे ट्रायलमध्येच एका मराठी फोल्डरवर चालवून बघा.

ट्रायल संपण्याआधी एजंट डॅशबोर्डवरून काढा आणि मग त्या मशीनवर स्वतः जाऊन सर्व्हिसेस, टास्क शेड्युलर आणि प्रोग्रॅम फाइल्स तपासा. रिमोट कंट्रोलचा भाग मागे राहिला असेल, तर ग्राहक सोडून गेल्यावरही त्याच्या मशीनचं दार आपल्या नावावर उघडं राहील. असं सॉफ्टवेअर बाकी कितीही चांगलं असलं तरी नको म्हणा.